कोयते किती, माणसं किती

अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या यायच्या, कारखान्यामागच्या माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या, आणि रात्री जेवताना अण्णांच्या तोंडी आकडे असायचे. "आज चाळीस कोयते आले." "त्या मुकादमाचे बारा कोयते कमी पडले." नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटाच माणूस आला तर अर्धा कोयता. लहानपणी मला ते खरोखरचे कोयतेच वाटायचे, पोत्यात भरून आणत असतील असे. मग एकदा अण्णांचा डबा द्यायला काट्यावर गेले, तर उसाच्या गाडीवर, मोळ्यांच्या वर, माझ्याच वयाची एक मुलगी बसलेली दिसली. ती कुठल्याच कोयत्यात धरलेली नव्हती.

२०१३ साली मी ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या कामाच्या परवान्यावर, जर्मनीत आले. श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहते, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करते. इथल्या बातम्यांत एक शब्द रोज कानावर येतो : फाखक्रेफ्टे. फाख म्हणजे कामाचं क्षेत्र, क्राफ्ट म्हणजे बळ, जोर. कुशल बळं. दवाखान्यांत इतकी बळं कमी, वीजकामाला इतकी कमी, बेकऱ्यांत इतकी कमी. केंद्रीय रोजगार खात्याच्या संशोधन संस्थेचा हिशेब असा की बाहेरून कुणी आलंच नाही, तर २०३५ पर्यंत या देशातले काम करणारे हात ७० लाखांनी घटतील. घट थांबवायची तर जाणारे वजा करून दरवर्षी ४ लाख माणसं नव्यानं यायला हवीत. या बातम्या ऐकताना मला अण्णांचा आवाज ऐकू येतो. आज किती कोयते आले?

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या गावच्या वृद्धाश्रमात अंबाजोगाईकडची एक मुलगी नर्स म्हणून आली. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरून माझा नंबर मिळवून तिनं फोन केला, आणि रविवारी घरी आली. बीएस्सी नर्सिंग झालेली, संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात तीन वर्षं अतिदक्षता विभागात काम केलेली. चहा होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग पिशवीतून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. "ताई, यात नेमकं काय लिहिलंय?" त्या पत्राला इथे डेफिझिटबेशाइड म्हणतात. शब्दशः, उणिवांचं पत्र. तुमचं शिक्षण आमच्या शिक्षणाशी ताडून पाहिलं, अमुक विषयाचे इतके तास कमी भरले, तेव्हा एक तर पूरक प्रशिक्षण पूर्ण करा नाहीतर ज्ञानाची परीक्षा द्या. तोवर तुम्ही नर्स नाही, मदतनीस. पगारही मदतनिसाचा.

मी तिला ओळन् ओळ समजावून सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हेंटिलेटर लावायचे मी. इथं सहा महिने झाले, भरवते आणि कपडे बदलते. त्याची लाज नाही ताई. पण घरी हप्ता जातो."

हप्ता एजंटाचा. जर्मन भाषेचा वर्ग, कागदपत्रं, भाषांतरं, "सेवाशुल्क", सगळं मिळून तीन लाखांच्या घरात. वडिलांनी उसनवारी केली होती. मी विचारलं, एवढे पैसे एजंटाला का दिले? ती म्हणाली, "उचलच की ताई ही. माझे आजी-आजोबा तुमच्याच भागात यायचे ऊस तोडायला. ते उचल घेऊन यायचे, मी देऊन आले."

त्या रात्री झोप लागली नाही. तिची आजी कदाचित अण्णांच्याच काट्यावर कोयता म्हणून मोजली गेली असेल.

मला जे म्हणायचं आहे ते याच मोजणीबद्दल. एखाद्या प्रदेशाला माणसं हवी असतात तेव्हा तो कायदे सैल करतो. व्हिसा सोपा होतो, करार होतात, मंत्र्यांचे फोटो निघतात. पण येणाऱ्याला किती काळ राहता येईल, कधी इथला होता येईल, हे कायदा जोवर स्पष्ट सांगत नाही, तोवर तो कोयतेच मोजत असतो. आणि माझं ठाम मत आहे की त्यात त्या प्रदेशाचंही भलं होत नाही.

जर्मनीनं हा धडा एकदा फार महागात शिकलेला आहे. युद्धानंतर कारखाने धडधडू लागले, माणसं पुरेनात. डिसेंबर १९५५ मध्ये इटलीशी करार झाला, मग स्पेन, ग्रीस, आणि ऑक्टोबर १९६१ मध्ये तुर्कस्तान. आलेल्यांना नाव दिलं गास्टआर्बायटर, पाहुणे कामगार. पाहुण्याला कामाला लावायचं आणि काम झालं की निरोप द्यायचा. तुर्कस्तानच्या करारात तर मुदतच होती : दोन वर्षं, मग परत, मग दुसरा माणूस. तीन वर्षांत ती अट काढून टाकावी लागली. काढायला लावली ती कारखानदारांनी. दर दोन वर्षांनी नवा माणूस शिकवायचा म्हणजे तोटा, हे त्यांना यंत्रापाशी उभं राहून कळलं होतं. कायद्याला ते कळायला आणखी चाळीस वर्षं लागली.

१० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोन-डॉइट्झ स्टेशनावर दहा लाखावा पाहुणा कामगार उतरला. आर्मांडो रॉड्रिग्ज द सा, पोर्तुगालचा सुतार. बँड वाजला, फुलं दिली, मोपेड भेट मिळाली. ती मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात ठेवलेली आहे. मी ती पाहिली आहे. तिच्यापुढे शाळेची मुलं फोटो काढत होती. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मात्र मी नंतर वाचलं. तो आजारी पडला, पोर्तुगालला परत गेला, साठवलेले पैसे औषधपाण्यात गेले आणि १९७९ मध्ये तो कॅन्सरनं वारला. जर्मनीत भरलेल्या विम्यातून आपल्याला आजारपणाचे पैसे मिळू शकतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मोपेड द्यायला स्टेशनावर गर्दी होती. हक्क समजावून सांगायला कुणी नव्हतं.

नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि भरती बंद झाली. तोवर सुमारे १ कोटी ४० लाख माणसं येऊन गेली होती आणि १ कोटी १० लाखांच्या आसपास परतही गेली होती. उरली त्यांनी बायका-मुलांना बोलावून घेतलं. त्यांची मुलं इथे जन्मली, इथल्या शाळांत शिकली, इकडच्या श्वाबियन बोलीत भांडू लागली, आणि तरी परकीयच राहिली. कारण नागरिकत्वाचा कायदा १९१३ सालचा होता, आणि तो रक्त विचारायचा. जन्म कुठे झाला, काम कुठे केलं, हे त्याच्या लेखी गौण. आमच्या कारखान्यात एक तुर्की वंशाचे फोरमन होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. ते सांगायचे, आमच्या घरी वीस वर्षं नवीन सोफा घेतला नाही, कारण आई म्हणायची, पुढच्या वर्षी जायचंच आहे. सोफा घेतला नाही, घर घेतलं नाही, दुकान टाकलं नाही, भाषेच्या वर्गाला गेले नाहीत. पैसा गावाकडे गेला, तिथे तीन मजली घर बांधलं आणि ते रिकामं राहिलं. ज्या गावात चाळीस वर्षं घाम गाळला त्या गावात त्या घामाची एक वीटही लागली नाही. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात मला माहीत नाही. आम्ही याला कोपीत राहणं म्हणू. हंगामापुरती कोपी बांधणारा माणूस तिच्यापुढे झाड लावत नाही.

आणि गंमत नव्हे, दुःखच म्हणावं असं हे, की आज माणसांसाठी वणवण करणारा हा प्रदेश एके काळी स्वतःच रिकामा होत होता. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं पुढचा उन्हाळा हरवला, व्युर्टेम्बर्गच्या, म्हणजे आमच्या श्टुटगार्टच्या, राज्यात पिकं सडली. लोक नेकर नदीतून नावेनं अमेरिकेकडे, कुणी रशियाकडे निघाले. १८१७ च्या वसंतात हाइलब्रॉनला फ्रीडरिश लिस्ट नावाच्या तरुण अधिकाऱ्याला पाठवण्यात आलं : जाणाऱ्यांना विचारा, का जाता? हाच लिस्ट पुढे मोठा अर्थशास्त्रज्ञ झाला. लोकांनी त्याला भुकेबद्दल सांगितलंच, पण करांबद्दल आणि अधिकाऱ्यांच्या जाचाबद्दलही सांगितलं. मला त्या प्रसंगाचं फार वाटतं. माणसं का जातात हे त्या राजवटीनं निदान त्यांच्याच तोंडून ऐकून घेतलं. बीडच्या टोळ्यांना कुणी चौकात थांबवून असं विचारलं का? विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं? रेशनकार्ड गावी, धान्य गावी, पोरांची शाळा गावी, मतदान गावी, आणि आम्ही सहा महिने इथे.

असो. जर्मनीकडे परत येते.

२००० साल इथे दोन्ही अंगांनी आठवलं जातं. १ जानेवारीला नवा कायदा आला : जन्मानं नागरिकत्व मिळण्याची वाट पहिल्यांदा उघडली, आणि बाहेरून आलेल्यांची हक्कानं अर्ज करण्याची मुदत १५ वर्षांवरून ८ वर आली. त्याच वर्षी संगणक अभियंत्यांसाठी "ग्रीन कार्ड" निघालं, २० हजार जागा, मुदत पाच वर्षं. आणि त्याच वसंतात नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत विरोधी पक्षाचे उमेदवार युर्गेन र्‍युटगर्स यांच्या प्रचारातून "किंडर श्टाट इंडर" ही घोषणा गाजली. भारतीयांऐवजी आपली मुलं. ते हरले. पण पुण्या-बंगळुरात बसून इंग्लंड-अमेरिकेकडे पाहणाऱ्या पोरांनी ती ऐकली होती. पाच वर्षांनी परत जा म्हणणाऱ्या कार्डासाठी नवी भाषा कोण शिकणार? सगळ्या जागा भरल्या नाहीत.

मग हळूहळू बदल झाले. २०१२ मध्ये ब्लू कार्ड आलं, मी त्यातलीच. १ मार्च २०२० पासून कुशल मनुष्यबळाचा कायदा, २०२३-२४ मध्ये त्यात आणखी मोकळीक, जून २०२४ पासून गुणांवर मिळणारं, काम शोधायला येऊ देणारं संधी-कार्ड. आणि २७ जून २०२४ पासून नागरिकत्वाची मुदत ८ वरून ५ वर्षं, शिवाय मूळ देशाचं नागरिकत्व सोडण्याची सक्ती संपली. समाजात चांगल्या मिसळलेल्या, भाषा उत्तम आलेल्या माणसासाठी तीन वर्षांची वाटही ठेवली होती. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये संसदेनं पुन्हा बंद केली. फारच थोड्या लोकांनी वापरलेली ती वाट होती. ती बंद केल्यानं कुणाचं घरभाडं उतरणार नव्हतं की कुणाच्या पगारात भर पडणार नव्हती. मला ते वाईट वाटलं, आणि ते मी इथल्या मित्रांना स्पष्ट सांगितलं. दार किती उघडं यापेक्षा ते उद्या मिटेल की काय ही धास्तीच माणसाला कोपीत ठेवते.

नागरिकत्व दिल्यानं माणूस अधिक कमावतो की मुळात कमावणाऱ्यालाच नागरिकत्व मिळतं, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये सापडतं. तिथल्या काही गावांत २००३ पर्यंत परकीयांच्या अर्जावर गावकरी गुप्त मतदान करायचे. त्यामुळे संशोधकांना अशी माणसं मिळाली, जी दोन-चार मतांनी नागरिक झाली आणि जी दोन-चार मतांनी राहून गेली. बाकी सगळ्या बाबतीत सारखी. पुढची कित्येक वर्षं पाहिल्यावर दिसलं की ज्यांना होकार मिळाला ते जास्त कमावत होते, समाजात जास्त मिसळले होते, आणि सर्वाधिक फरक पडला तो ज्यांना सगळ्यात खाली लेखलं जात होतं त्यांना. हे वाचलं तेव्हा मी ते अण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "यात काय नवल? कुळाला जमीन नावावर झाली तेव्हा त्यानं विहीर खणली."

दुसरी बाजू मला टाळायची नाही. माझ्या शेजारच्या आजी सत्तर वर्षं याच गल्लीत राहतात. त्यांच्या नातीला श्टुटगार्टात घर मिळत नाही, आणि त्या मला विचारतात, आणखी माणसं कुठे ठेवणार? हा द्वेष नाही, काळजी आहे. घरं बांधल्याशिवाय माणसं बोलावणं हे कोपीच्या राज्यासारखंच आहे, हे मी त्यांना कबूल करते. पण गेल्या वर्षी त्याच आजींचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा रात्रपाळीला त्यांची कूस बदलायला अंबाजोगाईची मुलगी होती.

दार बंद ठेवून काय होतं, तेही मी पाहिलं आहे. कामासाठी ड्रेस्डेनला गेले असताना एका रविवारी होयर्सवेर्डाला जाऊन आले. पूर्व जर्मनीच्या काळात कोळशाच्या जोरावर वाढलेलं हे शहर. १९८० च्या सुमारास ७० हजारांवर वस्ती. सप्टेंबर १९९१ मध्ये तिथे मोझांबिक आणि व्हिएतनामहून आलेल्या कंत्राटी कामगारांच्या वसतिगृहांवर जमावानं दगड मारले, आणि शेवटी त्यांनाच बसमध्ये घालून शहराबाहेर काढलं गेलं. बघे टाळ्या वाजवत होते. आज तिथे साधारण ३० हजार माणसं उरली आहेत. ती दंगलीमुळे गेली असं मी म्हणणार नाही. खाणी-कारखाने मिटले म्हणून तरुण पश्चिमेकडे गेले. पण रिकाम्या इमारती पाडून केलेल्या हिरवळीवर उभं राहिलं की वाटतं, जायला लागलेल्या गावाकडे यायला कुणी तयार होतं, आणि त्यांना गावानं दगड मारले. तिथून तासाभरावर ड्रेस्डेनमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये तैवानच्या टीएसएमसीच्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली. त्यात काम करायला माणसं जगभरातून यायला हवीत. ती येताना आपण कुठल्या प्रांतात जातोय, हे इंटरनेटवर शोधणार आहेत.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी आता थेट संबंध आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारनं याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, वीजतंत्री, प्लंबर, चालक, हॉटेलातले कर्मचारी. सुरुवातीला प्रायोगिक म्हणून १० हजारांचा आकडा. मला तो करार आवडला. सरकारी वर्गात फुकट जर्मन शिकता आली तर एजंटाची उचल बुडेल. केरळनं डिसेंबर २०२१ मध्ये नर्सांसाठी जर्मनीच्या सरकारी संस्थांशी करार केला, त्यात खर्च मालकानं उचलायचा आहे. आपल्याकडेही तसंच व्हावं, आणि विमानात बसण्यापूर्वीच पदवी कितपत धरली जाणार हे लेखी मिळावं. उणिवांचं पत्र परभाषेत, परमुलखात, एकटीनं उघडायची वेळ येऊ नये. आणि एक जड प्रश्न : अंबाजोगाईच्या रुग्णाची कूस कोण बदलणार? ती मुलगी संभाजीनगरला ज्या पगारावर राबत होती तो ऐकून मी तिला "इथे का आलीस" असं विचारूच शकले नाही.

माझ्या स्वतःच्या नागरिकत्वाच्या अर्जाचं सांगायचं राहिलं. कायद्यानं मी कधीच पात्र झाले होते. ३३ प्रश्नांच्या परीक्षेत १७ बरोबर यावे लागतात, ती दिली होती. अर्जाचे २५५ युरोही तयार होते. पण जर्मनीनं दुहेरी नागरिकत्व मान्य केलं तरी भारत करत नाही. परक्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की १९५५ च्या कायद्याप्रमाणे आपलं संपतं. मग ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं. येता-जाता येतं, राहता येतं. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली राहते. हे मी तीनदा खात्री करून घेतलं, कारण अण्णांचा पहिला प्रश्न तोच होता. "सातबाऱ्यावर तुझं नाव लागेल ना?" लागेल म्हटल्यावर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आणि मतदान?" ते जाईल, म्हटलं. "तिकडे मिळेल?" मिळेल.

निर्णय माझ्याकडून करवून घेतला तो आमच्या गावच्या प्रसूती विभागानं. सुईणी आणि नर्स मिळत नाहीत म्हणून तो बंद करायचं घाटत होतं. सभागृहात मी बोलायला उठले. माझी मुलगी तिथेच जन्मली होती. लोकांनी ऐकून घेतलं. पण नगरपरिषदेच्या निवडणुकीत मला मत नव्हतं; युरोपीय संघाबाहेरच्यांना ते इथे नाहीच, घटना-न्यायालयानं १९९० मध्येच तसा निकाल दिला आहे. त्या गावात मी बारा वर्षं कर भरला होता. विभाग बंद झाला. दुसऱ्या आठवड्यात मी अर्ज टाकला. भारतानं माझ्यासारख्यांना दोन्हीकडचं होऊ द्यावं, अशी माझी मनापासून मागणी आहे. आम्ही इथून पाठवतो ते पैसे चालतात, तर आमचं मतही चालावं. पासपोर्ट परत करायचा दिवस अजून यायचा आहे. त्याबद्दल आज लिहिवत नाही.

अंबाजोगाईची मुलगी गेल्या वसंतात ज्ञानपरीक्षा पास झाली. आता ती कागदोपत्री नर्स आहे, एजंटाचे हप्ते फिटले आहेत. मागच्या रविवारी आली तेव्हा उशीर झाला म्हणून धापा टाकत होती. रेल्वेलाइनीपलीकडे गावानं भाड्यानं द्यायचे बागेचे तुकडे आहेत ना, तिथल्या मंडळात गेले होते म्हणाली. तिला मेथी आणि गवार लावायची आहे. गवार इथे येणार नाही, मी म्हटलं. "बघू की. पण वेटिंग आहे ताई, पाच वर्षांचं."

"मग?"

"मग काय, नाव घातलं."